उभी एससी की पळती कॅरेरा : जुनी पोर्शे ९११ घेण्याआधी

नमस्कार. तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही म्युनिकजवळ राहता आणि बरीच वर्षं पैसे साठवून एअरकूल्ड पोर्शे ९११ घ्यायचं ठरवलंय. दोन गाड्या नजरेत आहेत, दोन्ही मुळात जर्मनीतच विकल्या गेलेल्या, किंमत जवळजवळ सारखी. पहिली १९८२ ची ९११ एससी, ८८ हजार किलोमीटर चाललेली, सहा वर्षं गॅरेजात झाकून ठेवलेली, रंग आरशासारखा. दुसरी १९८६ ची कॅरेरा ३.२, २ लाख ३० हजार किलोमीटर, जवळपास दर आठवड्याला रस्त्यावर, बंपरवर ओरखडे, इंजिनाखाली ऑइलचे डाग, पण बिलांची जाडजूड फाइल सोबत. तुमचा कल पहिलीकडे आहे आणि विचारताय की एवढं कमी चाललेलं इंजिन बिनखर्चाचं किती वर्षं जाईल.

मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात काम शिकलो आणि गेली बावीस वर्षं श्टुटगार्टजवळच्या एका लहान गॅरेजात याच गाड्या खोलतोय, बांधतोय. माझं मत आधीच सांगून टाकतो: कॅरेराचा पत्रा आतून धड निघाला, तर मी कॅरेरा घेईन. तुम्ही किलोमीटर विचारताय, पण खरा प्रश्न असा आहे की कोणत्या गाडीची कामं वेळच्या वेळी झाली आणि कोणत्या गाडीची तुंबून राहिली. तुंबलेली कामं मीटरवर दिसत नाहीत. ती नवीन मालकाच्या पहिल्या दोन वर्षांत एकामागोमाग एक बाहेर पडतात.

थोडा इतिहास सांगतो, कारण या दोन गाड्यांमधला फरक त्यातूनच कळतो. १९६३ च्या सप्टेंबरात फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनात ही गाडी ‘९०१’ नावाने आली. मधे शून्य असलेले तीन आकडी क्रमांक फ्रान्समध्ये प्यूजोच्या हक्काचे होते, म्हणून ९०१ ची ९११ झाली आणि १९६४ पासून ती कारखान्यातून बाहेर पडू लागली. तेव्हाचं इंजिन होतं १९९१ सीसी आणि १३० हॉर्सपॉवरचं, सहा सिलिंडर आडवे, तीन डावीकडे, तीन उजवीकडे. पुढची पस्तीस वर्षं इंजिन मोठं होत गेलं, पण मांडणी तीच राहिली. सत्तरच्या दशकात २.७ लिटरची इंजिनं आली. त्यांचा क्रँककेस, म्हणजे इंजिनाचं मुख्य कवच, मॅग्नेशियमचा होता आणि हेडचे स्टड, म्हणजे हेड जागेवर आवळून धरणारे लांब बोल्ट, त्यातून उपटून येण्याची खोड त्यांना लागली. एससी आली १९७८ च्या मॉडेलपासून, ३ लिटरची, अ‍ॅल्युमिनियमच्या क्रँककेसची. १९८१ च्या मॉडेलपासून युरोपातल्या एससीला २०४ हॉर्सपॉवर मिळाली.

गंमत अशी की एससी ही शेवटची ९११ ठरणार होती. कंपनीने तोवर ९२८ ही पुढे व्ही-८ इंजिन असलेली गाडी आणली होती आणि ९११ बंद करायचं जवळपास ठरलं होतं. १९८१ साली पीटर शुट्झ प्रमुख झाले. त्यांनीच पुढे सांगितलेली हकिगत आहे: कंपनीचे विकासप्रमुख हेल्मुट बोट यांच्या खोलीत भिंतीवर प्रत्येक मॉडेलच्या भवितव्याचा तक्ता होता आणि ९११ ची रेघ १९८१ पाशी थांबलेली होती. शुट्झ यांनी मार्कर उचलला आणि ती रेघ तक्त्याबाहेर, थेट भिंतीवर ओढत नेली. ती रेघ पुढे गेली म्हणून तुमच्या यादीतली दुसरी गाडी जन्माला आली. कॅरेरा ३.२ निघाली १९८४ ते १९८९ या मॉडेलवर्षांत, ३१६४ सीसी, २३१ हॉर्सपॉवर. एससीमध्ये पेट्रोलचं काम बॉशची यांत्रिक के-जेट्रॉनिक बघते, तर कॅरेरामध्ये बॉशचंच मोट्रॉनिक, म्हणजे पेट्रोल आणि स्पार्क दोन्ही एका कॉम्प्युटरच्या हाती.

आता मूळ मुद्दा, हे इंजिन थंड कसं राहतं. आपल्याकडच्या चेतक स्कूटरचा पंखा आणि त्यावरचं पत्र्याचं काउल आठवा. काउल काढून स्कूटर पळवली की वारा सिलिंडरवर न जाता इकडेतिकडे जायचा आणि इंजिन तापायचं. ९११ मध्ये तत्त्व तेच. मागचा मोठा पंखा बेल्टवर फिरतो, त्याची हवा फायबरच्या आवरणातून सहाही सिलिंडरवर पडते आणि चारी बाजूंचे पत्रे तिला हव्या त्या वाटेने नेतात. इंजिनाच्या कडेने फिरणारी रबरी पट्टी फाटली तर खालची गरम हवा पुन्हा वर येते. गाडी बघायला जाल तेव्हा मागचं झाकण उघडून ही पट्टी बोटाने चाचपा. इतकी स्वस्त वस्तू ज्याने बदलली नाही, त्याने महागाच्या वस्तू बदलल्या असतील असं मी मानत नाही.

थंड करायचं निम्मं काम मात्र ऑइल करतं. या इंजिनात ड्राय संप आहे, म्हणजे ऑइल इंजिनाच्या तळाशी न साठवता वेगळ्या टाकीत राहतं. ऑइलची टाकी उजव्या मागच्या चाकामागे आणि जादा कूलर पुढच्या उजव्या मडगार्डात. इंजिन, टाकी, कूलर, नळ्या मिळून सुमारे तेरा लिटर ऑइल फिरतं. म्हणून डिपस्टिक बघायची पद्धतही वेगळी: गाडी सपाट जागी, ऑइल पूर्ण तापलेलं, इंजिन चालू. बंद इंजिनावर बघितलं तर कमी दिसतं, माणूस वर ओततो आणि जास्तीचं ऑइल एअर फिल्टरच्या डब्यात जाऊन बसतं. नव्या मालकाकडून होणारी ही पहिली चूक, आणि ती मी दर उन्हाळ्यात बघतो.

उभ्या गाडीचं काय होतं ते सांगतो. तीनेक वर्षांपूर्वी एक एससी आमच्याकडे आली, तुमच्या पहिल्या गाडीसारखीच, कमी चाललेली, चकचकीत, आठ वर्षं एका कोठाराच्या कडेला उभी. मालकाची तक्रार एवढीच की गाडी थोडी गरम वाटते. पंख्याचं आवरण उतरवलं तर डाव्या बाजूच्या मधल्या सिलिंडरवर उंदराचं पूर्ण घरटं: गवत, सीटमधला कापूस, अक्रोडाची टरफलं. पंख्याची हवा तिथे पोचतच नव्हती. बाकी पाच सिलिंडर ठणठणीत आणि त्या एकाची भिंत पिस्टनने ओरबाडलेली. डॅशवरचा काटा सगळ्या ऑइलचं एकत्र तापमान दाखवतो, एका सिलिंडरचं नाही. म्हणून काटा कायम मधेच होता.

उंदीर सगळीकडे नसतात, पण पेट्रोल सगळीकडे शिळं होतं. के-जेट्रॉनिक नेहमी चालत्या गाडीत अतिशय भरवशाची यंत्रणा आहे, दशकानुदशकं हात लावावा लागत नाही. उभ्या गाडीत मात्र तिच्यासारखं नाजूक काही नाही. आजच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते ओलावा धरतं, टाकीत गंज सुटतो आणि तो गंज फ्युएल डिस्ट्रिब्युटरच्या बारीक फटींत अडकतो. गाडी सुरू होते, पण थंड असताना अडखळते. त्यात भर म्हणजे सुरू करताना उलटा भडका उडाला तर वरचा प्लॅस्टिकचा एअरबॉक्स तडकतो. त्याला पॉप-ऑफ व्हॉल्व, म्हणजे तो दाब बाहेर सोडणारी झडप, बसवलाय का, ते बघा. कमी पैशांचा भाग आहे आणि मोठं काम वाचवतो. ब्रेकचे रबरी होज आतून फुगतात, कॅलिपर जॅम होतात, टायर दिसायला नवे आणि रबर दगड झालेलं. टायरवरच्या चार आकड्यांत आठवडा आणि वर्ष लिहिलेलं असतं, ते वाचा.

एससीच्या बाबतीत दोन गोष्टी तर विचारल्याशिवाय पुढे जाऊच नका. पहिली, हेडचे स्टड. खालच्या, म्हणजे सायलेन्सरच्या बाजूच्या स्टडना डिलावार नावाचं खास मिश्रधातू वापरलंय, तापल्यावर अ‍ॅल्युमिनियमइतकंच प्रसरण पावावं म्हणून. कल्पना चांगली होती, पण वर्षानुवर्षं ओलावा लागला की त्यांना सूक्ष्म गंज धरतो आणि ते तुटतात, बहुतेकदा गाडी उभी असताना. मागच्या शरदात एका गाडीचं टॅपेट सेटिंग करायला खालचं कव्हर काढलं, तर गरम ऑइलच्या धारेबरोबर एक नट माझ्या तळहातावर येऊन पडला, त्यात तुटक्या स्टडचं बोटाच्या पेराएवढं टोक तसंच अडकलेलं. मालकाला आवाजातही फरक जाणवला नव्हता. म्हणून खरेदीआधी खालची दोन कव्हरं काढून बारा नट बघायचेच. तासाभराचं काम आहे. विकणारा नको म्हणाला तर आपणही त्या गाडीला नको म्हणायचं.

दुसरी, चेन टेन्शनर, म्हणजे व्हॉल्व चालवणारी चेन ताणून धरणारे भाग. एससीचे मूळ टेन्शनर स्वतःच्या पोटातल्या ऑइलवर चालतात. ते आटलं की टेन्शनर बसतो, चेन ढिली होते, टायमिंग सरकतं आणि व्हॉल्व पिस्टनवर आपटतात. १९८४ च्या कॅरेरापासून कंपनीने इंजिनाच्या दाबाचं ऑइल त्यांना जोडलं आणि ही काळजी संपवली. ते टेन्शनर जुन्या एससीलाही बसतात आणि बसवलेत का ते न खोलता कळतं: चेनबॉक्सच्या झाकणाला बाहेरून ऑइलची बारीक नळी आलेली दिसली, की बसवलेत.

कॅरेराची बाजू घेतली म्हणून तिचे दोष लपवणार नाही. ३.२ चे व्हॉल्व गाइड, म्हणजे व्हॉल्वची दांडी ज्यांत सरकते त्या नळ्या, लवकर झिजतात. २ लाख ३० हजारांवर ते एकदा झालेले असायला हवेत, फाइलमध्ये ते बिल शोधा. नसेल तर हेडचं काम तुमच्या वाट्याला आहे असं धरूनच किंमत बोला. हजार किलोमीटरला किती ऑइल लागतं ते मालकाला विचारा. कंपनीच्या पुस्तकात दीड लिटरपर्यंत चालेल असं लिहिलंय, पण माझ्या अनुभवात निरोगी इंजिन त्याच्या निम्म्याहून कमी पितं. स्टड तुटण्याची भीती ३.२ लाही आहे, त्यामुळे खालची कव्हरं तिचीही उघडायची. मोट्रॉनिकचा एक रिले ड्रायव्हरच्या सीटखाली असतो. आतले सोल्डरचे टाके तडकले की गाडी भर रस्त्यात बंद पडते आणि दहा मिनिटांनी काही झालंच नाही अशी सुरू होते. नवा रिले आणून मोज्यांच्या जोडीसारखा गाडीत ठेवून द्या. गिअरबॉक्स दोन्ही गाड्यांचा एकच, ९१५. नंतरचा जी-५० १९८७ च्या मॉडेलपासून आला. ९१५ थंड असताना दुसरा गिअर घासून पडला तर सिंक्रो, म्हणजे गिअर जुळवून घेणाऱ्या रिंगा, गेले असं समजा. पडत असेल पण सावकाश, तर तो त्याचा स्वभाव आहे, घाई करायची नाही.

ऑइलच्या डागांना घाबरू नका. आडव्या इंजिनात ऑइल सिलिंडरच्या खालच्या अंगाला साचतं, त्यामुळे आठवडाभर उभी गाडी सुरू करताना निळसर धूर येतो आणि मिनिटात विरतो. हे बरोबर आहे. गरम इंजिनावर गिअरमध्ये उतारावरून येऊन पुन्हा पिकअप देताना धूर आला तर ते गाइड. एक वास मात्र कधी सोडू नका. या गाडीचा हीटर सायलेन्सरच्या पाइपाभोवतीची हवा आत घेतो. हीट एक्स्चेंजर गंजून भोक पडलं तर केबिनमध्ये धूर येतो, आणि त्यातला कार्बन मोनॉक्साइड तर वासानेही कळत नाही.

आता पत्रा, कारण मी सुरुवातीलाच ‘पत्रा धड निघाला तर’ म्हटलंय. इंजिन कितीही बिघडलं तरी त्याचा खर्च आधी कागदावर मांडता येतो. गंजाचा अंदाज पत्रा कापल्याशिवाय येत नाही. १९७६ च्या मॉडेलपासून पोर्शेने पूर्ण बॉडीला जस्ताचा थर दिला, म्हणून या दोन्ही गाड्या त्यांच्या आधीच्यांपेक्षा खूप बऱ्या आहेत. पण इथल्या हिवाळी रस्त्यांवरचं मीठ, आणि मुख्य म्हणजे कुठल्या तरी धडकेनंतर कुणीतरी केलेलं वेल्डिंग, हा थर मोडतं. बघायच्या जागा: हेडलाइटभोवतीची कड, पुढच्या डिकीत बॅटरीखालचा पत्रा, काचेचे खालचे कोपरे, दाराच्या कुलपाचा खांब जिथे सिलला, म्हणजे दाराखालच्या पत्र्याच्या पट्टीला, मिळतो ती जागा, आणि मागच्या टॉर्शन बारच्या, म्हणजे स्प्रिंगचं काम करणाऱ्या दांड्याच्या, नळीजवळचा सिलचा शेवट. शेवटची जागा गाडी लिफ्टवर घेतल्याशिवाय दिसत नाही. रंगाची जाडी मोजायचं यंत्र कुणाकडून तरी आणा. सगळीकडे सव्वाशे मायक्रॉन आणि एका मडगार्डवर आठशे, म्हणजे तिथे पुट्टी भरलीय. तुमच्या एससीचा आरशासारखा रंग बघून मला म्हणूनच आधी शंका येते. चाळीसहून जास्त वर्षांच्या मूळ रंगावर खड्यांचे ठिपके असतातच. रंग नवीन असेल तर कधी, का आणि खाली काय होतं, याचे फोटो मागा. कॅरेराचे ओरखडे मला उलट आवडले, तिथे काही झाकलेलं नाही.

कागदही बघा. चॅसी नंबरातलं दहावं अक्षर मॉडेलवर्ष सांगतं, १९८२ ला सी, १९८६ ला जी. इंजिनावरचा प्रकार युरोपातल्या त्या एससीला ९३०/१० आणि कॅरेराला ९३०/२० असायला हवा. वेगळा निघाला तर इंजिन बदललंय किंवा गाडी दुसऱ्या देशातून आलीय. चालवायला हरकत नाही, किंमत मात्र तशी हवी. अमेरिकेत विकलेल्या ३.२ ची ताकद कमी असते.

खर्चाचं विचारलंत. नक्की आकडा सांगणं अवघड आहे, कारण तो तीन गोष्टींवर अवलंबून आहे: वर्षाला किती चालवणार, टॅपेट आणि ऑइलसारखी कामं स्वतः करणार की गॅरेजात देणार, आणि हिवाळ्यात गाडी काढणार का. माझा सल्ला असा की खरेदीच्या किमतीचा पाव हिस्सा पहिल्या दोन वर्षांसाठी बाजूला ठेवा. कॅरेराला कदाचित त्यातला अर्धाही लागणार नाही. एससीला मात्र टाकी, पेट्रोलची लाइन, ब्रेक, टायर, टेन्शनर आणि रबरं असं धरलं तर तो सगळा जाईल, आणि तेही इंजिन न खोलता. दोन्ही गाड्यांना तीस वर्षं उलटल्यामुळे ऐतिहासिक गाडीचा एच नंबर मिळतो, त्याचा कर वर्षाला १९१ युरो. २०१७ पासून एच नंबर ठरावीक महिन्यांपुरताही घेता येतो, हिवाळ्यात गाडी काढायची नसेल तर तो बरा पडतो.

घेतल्यावर काय करायचं ते फार नाही, पण नेमाने करायचं. ऑइल वर्षाला एकदा, चालली नाही तरी. वीस-चोवीस हजारांवर टॅपेट: इंजिन पूर्ण गार, रात्रभर उभं, बाराही व्हॉल्वना ०.१० मिलिमीटर. फीलर गेजची पाती अडखळत सरकली पाहिजे, लोण्यात सुरी जाते तशी गेली तर गॅप जास्त आहे. हे काम एखाद्या जाणत्यासोबत एकदा केलंत की पुढे स्वतःला जमेल, आणि दर वेळी खालची कव्हरं निघाल्यामुळे स्टडही नजरेखालून जातील. सकाळी सुरू करून जागेवर घुरघुरत ठेवू नका. लगेच निघा, पण ऑइल तापेपर्यंत तीन हजारांच्या आत राहा. आणि निघालात की किमान पाऊण तास चालवा, म्हणजे ऑइलमधलं पाणी उडून जातं. पाच मिनिटांची फेरी मारून पुन्हा झाकून ठेवण्यापेक्षा न काढलेली बरी. चालवताना एकच लक्षात ठेवा: वजन मागे आहे. ओल्या रस्त्यावर वळणात शिरल्यावर घाबरून अ‍ॅक्सिलरेटर सोडला की मागची बाजू पुढे यायला बघते. वेग वळणाआधी कमी करा आणि वळणात पाय स्थिर ठेवा.

एससी हा मुळात वाईट पर्याय नाही, हेही सांगतो. तीच गाडी नेमाने चालवलेली, टेन्शनर बदललेली असती तर मी उलट सल्ला दिला असता. के-जेट्रॉनिकच्या एससीचा पहिला पिकअप मला ३.२ पेक्षा गोड वाटतो आणि तिचं इंजिन जास्त वर्षं टिकताना मी पाहिलंय. तुमच्यासमोरची गाडी सहा वर्षं उभी आहे, प्रश्न तेवढाच आहे. मालक किंमत पुरेशी खाली आणायला तयार असेल आणि तुम्हाला पहिलं वर्षभर गाडी गॅरेजात बघायची तयारी असेल, तर तीही घेता येईल.

दोन्ही ठिकाणी जाण्याआधी मालकाला फोन करून सांगा की मी पोचेपर्यंत गाडी सुरू करू नका. गेल्यावर बोलणं सुरू करण्याआधी मागचं झाकण उघडा आणि तळहात इंजिनाच्या वरच्या अंगावर ठेवा. गार लागलं तर चावी मागा आणि पहिला स्टार्टर स्वतः मारा. कोमट लागलं तर विचारा, आज सकाळी नेमकं काय लपवायचं होतं.